सोप्यातला फोटो

“ह्यातलं पांढरं तेवढं सगळं काढायचं,” असं म्हणत आबासाहेब निकमांनी टॉवेलात गुंडाळलेली तसबीर माझ्या टेबलावर ठेवली. “धूळ बसलीय लई वर्सांची.”

तसबिरीची काच कोपऱ्यातून तडकली होती. मी मागचे खिळे उचकटून फोटो मोकळा केला आणि मऊ ब्रशनं झाडला. जुन्या धाटणीचा काळापांढरा फोटो होता. मागं पडद्यावर रंगवलेली बाग, पुढं खुर्चीत सोळा-सतरा वर्षांची नऊवारीतली मुलगी आणि तिच्या मांडीवर टोपडं घातलेलं पोर. पोर मान वर करून तिच्या तोंडाकडं बघत होतं आणि ती कॅमेऱ्याकडं बघून हसत होती. त्या काळी फोटोत कुणी हसत नसे. त्यामुळं ती मला लगेच आवडली.

“कोण या?”

“थोरली भन माझी. हौसाक्का. आई मला जन्म देऊन गेली, आक्कानंच वाढवलं. मांडीवर हाय तो मीच.”

“गोड आहे की ध्यान!”

“मला काढून टाका. एकटी आक्का पायजे, छातीपासनं वर. मोठा करा चांगला. सोप्यात लावायचाय, दारातनं आत आल्या आल्या समोर दिसला पायजे.”

सोपा म्हणजे घराची दर्शनी खोली. आलागेला तिथंच बसतो, घराण्याची जी काही शोभा असेल ती तिथंच मांडलेली असते.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. विट्यात तेव्हा आमचा स्टुडिओ होता. लग्नं, बारशी माझा नवरा दिनकर बघायचा आणि कॉम्प्युटर माझ्याकडं होता. जुने फोटो स्कॅन करायचे, त्यांवरची धूळ, ओरखडे, बुरशी काढायची आणि मोठे करून द्यायचे. निम्मं गिऱ्हाईक मेलेल्या माणसांचं असायचं. माणूस जिवंत आहे तोवर त्याचा फोटो नीट करावा असं घरात कुणाला सुचत नाही. एकदा का तो गेला, की मात्र त्याच्या मिशीचा केस न् केस दिसला पाहिजे म्हणून सगळे माझ्या डोक्यावर येऊन बसत.

“आक्का गेल्या कधी?” मी रिवाजाप्रमाणं विचारलं.

आबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. “काम कवा हुईल? पुढच्या आठवड्यात सारिकाला बघायला पावणं येणार हायेत. कोइमतूरचे. गलाईचं लई मोठं काम हाय त्यांचं.”

सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी आमच्या भागातली घरंच्या घरं देशभर पांगलेली. त्यातलं स्थळ सांगून येणं म्हणजे घरबसल्या लॉटरी लागल्यासारखं. मी सारिकाचं अभिनंदन केलं, आबांना चहा सांगितला आणि फोटो स्कॅनरवर ठेवला.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर चेहरा मोठा झाला तशी मी खुर्ची पुढं ओढली. धुळीचा एक स्वभाव असतो. ती गालावर बसते तशी पदरावर बसते, खुर्चीवर बसते, मागच्या बागेवरही बसते. तिला आपलं-परकं कळत नाही. इथं खरी धूळ होती, बुरशी होती, काचेचा एक लांब ओरखडाही होता, आणि ते सगळं बेलाशक इकडून तिकडं गेलेलं होतं. पण त्याशिवाय दुसरं एक पांढरं होतं. ते ओठाच्या कडेला होतं, डाव्या डोळ्याखाली होतं, पोराला धरलेल्या बोटांच्या टोकांवर होतं. पदराच्या काठाशी येऊन ते मुकाट थांबत होतं.

“आबा, ही सगळी धूळ नाहीये.”

“मग काय हाय?”

“कोड आहे हे. आक्कांच्या अंगावरचं.”

आबांनी कप बशीत ठेवला. माणूस मोठा रुबाबदार, पांढरा शुभ्र नेहरू शर्ट, आवाज कधी चढवायचे नाहीत. आताही चढवला नाही.

“ताई, मी धूळ म्हणतोय तर धूळच म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची असती.”

मी मान डोलावली. गेलेली बहीण भिंतीवर तरी निखळ दिसावी असं वाटत असेल बिचाऱ्याला, असा मी अर्थ लावला. मला तर भरूनच आलं. माणसाला भरून यायला काही अक्कल लागत नाही.

बाजाराच्या दिवशी दुपारी मी त्याच फोटोवर बसले होते. उजवा गाल झाला होता, डावा राहिला होता. इतक्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. डोक्यावरून पदर असा ओढलेला, की नाकाचा शेंडा काय तो दिसत होता. दोन्ही हात पदराखाली होते.

“निकमांचा फोटू हितंच टाकलाय न्हवं?”

“हो. तुम्ही कोण?”

“मी त्येंच्याच घरातली. बघू दे की जरा.”

ती आत आली. कॉम्प्युटरसमोर उभी राहिली आणि पडदा दिसताच पदर मागं सारून नीट वाकून बघायला लागली. चेहरा जवळजवळ सगळाच पांढरा झालेला, मधे मधे मूळच्या सावळ्या रंगाची बेटं. पण हसू तेच होतं, खुर्चीतल्या मुलीचं.

मी खुर्ची वळवली. “आक्का?”

“मग! वळखलंस की.” तिला केवढा आनंद झाला. “मला वाटलं, आता मी काय वळखू येतीया. लई देखनी व्हते का ग मी?”

“अजूनही आहात.” मी म्हटलं. डोक्यात मात्र गोंधळ उडाला होता. जिवंत माणसाचा असा फोटो कुणी लावत नाही असं नाही. पण मग गेल्या कधी म्हणून विचारल्यावर आबा कॅलेंडर का बघत बसले?

“बसा जरा,” मीच उठून तिला माझी खुर्ची दिली.

“माझ्या टरंकेत व्हता ग ह्यो फोटू. एकुलता एक. आबा परवा मागं आला, परसातल्या खोलीत. माझ्यापाशी यून बसला. किती वर्सांनी बसला म्हनून सांगू! म्हनला, आक्का, तुझा फोटू दे, मोठा करून सोप्यात लावतो.” तिनं पदराच्या टोकानं डोळे पुसले. “मला खरंच वाटंना. पावनं आलं की मी मागं, सन असला की मी मागं, ह्येच चालत आलंया. आन् आता सोप्यात फोटू! म्हंजी मग मला बी बोलावनारच की त्यो पुढं. फोटू सोप्यात आन् माणूस परसात, असं कुठं असतंय व्हय?”

“तसं म्हणाले का आबा?”

“म्हनला, पावनं आलं की बोलावतो. सारीचं जमू दे, नवं लुगडं नेसून बस म्हनला.” मग ती पडद्याजवळ गेली. तिची बोटं फोटोतल्यासारखीच, आता मनगटापर्यंत पांढरी. “हे काय, पुसतीयास व्हय?”

“आबांनी सगळं काढायला सांगितलंय.”

“काढ की. पोरीच्या बघन्याच्या दिवशी कशाला त्ये? फकस्त एक ऱ्हाऊ दे, ह्यो ओठाजवळचा. पयला उठला त्यो. आबा तान्हा असताना त्येच्यावरच बोट ठिवून झोपायचा. न्हाई मिळाला तर रडून घर डोक्यावर घ्यायचा.” ती माझ्याकडं वळली. “त्यो बी गेला, तर ती मी कशावरनं?”

मी कबूल केलं. चहा घ्या म्हटलं तर तिनं कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “तुझ्याच कपात देतीयास?” मी दिला. तो तिनं प्रसाद घ्यावा असा प्यायला, की मला त्या साध्या कपाची लाज वाटली.

आबा फोटो न्यायला आले तेव्हा मी मोठा प्रिंट टेबलावर पसरून ठेवला होता. त्यांनी तो उचलून दारातल्या उजेडात नेला आणि धान्याच्या दाण्यातला खडा शोधावा तसा न्याहाळला. धान्याचे दलालच ते.

“ही धूळ ऱ्हायली.” त्यांनी ओठाजवळ नख टेकवलं.

“ती मुद्दाम ठेवलीय. आक्कांनीच सांगितलं. आल्या होत्या त्या.”

“हितं?” पहिल्यांदाच त्यांच्या आवाजाला धार चढली. “कुणी बघितलं तिला?”

“मी बघितलं.”

“दुसऱ्या कुणी?”

“नाही.”

त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसले. “काढा. मी हितंच बसतो.”

“आबा, त्या म्हणाल्या की तुम्ही लहानपणी त्याच्यावर बोट ठेवून...”

“काढा, ताई.”

मी काढला. शेजारच्या चांगल्या कातडीचा तुकडा उचलायचा आणि डागावर ठेवायचा, दोन क्लिकचं काम. आबा स्क्रीनकडं बघत राहिले. मला वाटलं, आता यांना काहीतरी होईल. झालं काहीच नाही. “आता खानदानी दिसतीया,” ते म्हणाले.

नवा प्रिंट गुंडाळून दिला आणि जुना फोटो मी पाकिटात घालायला घेतला, तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, मधोमध घडी घातली आणि खिशात कोंबला. घडी बरोबर टोपड्यातल्या पोराच्या तोंडावरून गेली.

“अहो, मोडेल तो!”

“आता जुन्याचं काय काम?” ते म्हणाले. “आणि रविवारी तुम्हीच या कॅमेरा घेऊन. बायामाणसांचं फोटो बाईनंच काढलेलं बरं.”

रविवारी मी त्यांच्या वाडीला गेले. दारात रांगोळी, आत शिऱ्याचा वास, सोप्यात नव्या चादरी. आणि दारातून आत आल्या आल्या समोर हौसाक्का. सोनेरी चौकट, काचेवर कुंकवाचा टिळा, खाली उदबत्ती आणि फोटोला शेवंतीचा भरगच्च हार.

मी चप्पल काढता काढता थांबले. मला वाटलं, परवा बाजाराला येऊन गेलेली ती बाई मधल्या दिवसांत गेलीच. मग सुतक कुठाय? घरात शिरा कसा शिजतोय?

“ताई, पावणं आलं,” आबांनी मला भानावर आणलं. “फोटो घ्या.”

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, दोन चुलते, मुलाची आई आणि तिची सासू. आई ठुसठुशीत बाई होती, नजरेनंच घराची झडती घेणारी. तिनं बसायच्या आधी फोटो बघितला.

“ह्या कोण?”

“माझी थोरली भन,” आबांचा आवाज छान ओलावला. “आईच्या माघारी तिनंच मला वाढवलं. तरणीताठी असतानाच गेली. तापाचं निमित्त झालं.”

बाईनं फोटोच्या अगदी जवळ जाऊन बघितलं. कपाळ, गाल, ओठ, सगळं बघितलं. मग सासूकडं वळून ती समाधानानं म्हणाली, “बघा, आत्याबाई. लोकं काय वाट्टेल ते बोलतात.” आणि आबांना म्हणाली, “रागावू नका. आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं, तुमच्या बहिणीला पांढरं होतं म्हणून. रक्तातलं असतंय ते, आम्ही बघून घेतो. पण हिच्यात तर नखाएवढा डाग नाही. मन निवांत झालं.”

“बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?” आबा म्हणाले. “फोटो काय खोटं बोलतोय व्हय?”

सासूनं हात जोडले. तिच्यामागून सगळ्यांनीच जोडले. आबांनीही जोडले. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी कातडीचे तुकडे उचलून ठेवत होते, आणि हा माणूस माझ्या शेजारी बसून बहिणीला मारत होता.

सारिका पोहे घेऊन आली. तिची मान खाली होती. तिला सगळं ठाऊक होतं, हे ती फोटोकडं एकदाही बघत नव्हती त्यावरून कळत होतं. मी रोल बदलायचं निमित्त केलं आणि मागं गेले.

परसातल्या खोलीला बाहेरून कडी होती. मी ती काढली. हौसाक्का खाटेवर बसली होती. हिरवं लुगडं, ठसठशीत कुंकू, केसांत शेवंतीचं एक फूल.

“बोलावलं?” ती उठलीच.

“नाही, अजून...”

“आवरल्यालं न्हाई व्हय पावन्यांचं? असू दे, असू दे.” ती परत बसली. “फोटू लावला? कसा दिसतुया? आबा आज सकाळच्यानं मागंच लागला, आक्का, शेवंतीचा हार कर, चांगला जाड कर. तुझ्यावानी गुंफाय कुणाला जमत न्हाई म्हनला. पावन्यांस्नी घालाय आसंल. कुनाला घातला ग?”

खोटं बोलायला हवं होतं, पण मला ते वेळेवर कधीच सुचत नाही.

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग सोप्याकडून येणारं हसणं ऐकलं. मग उघड्या दाराकडं बघितलं.

“मला माझा फोटू बघू दे,” ती म्हणाली. पदर पुढं ओढून, हात पदराखाली घेऊन ती चालायला लागली. मी अडवलं नाही. उलट मनातून म्हटलं, जा आक्का, उभी राहा त्यांच्यासमोर आणि काढ तोंडावरचा पदर. होऊ दे एकदाचं.

ती सोप्याच्या उंबऱ्यात उभी राहिली तशा सगळ्यांच्या माना वळल्या. सुपारी नुकतीच फुटली होती. अडकित्ता अजून ताटातच होता. आबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. सारिका भिंतीला टेकली.

हौसाक्कानं फोटो बघितला. हसरी, नितळ, डाग नसलेली मुलगी बघितली. काचेवरचं कुंकू बघितलं, उदबत्ती बघितली. आणि सगळ्यात शेवटी हार बघितला. स्वतःच्या हातची गुंफण माणूस ओळखतो.

“ह्या कोण?” मुलाच्या आईनं विचारलं.

“कामाला असत्यात,” आबा म्हणाले. “जुन्या हायेत.”

आता पदर निघेल म्हणून मी वाट बघत उभी. पदर निघाला नाही. हौसाक्का सारिकाकडं वळली, तिच्याकडं बघत राहिली, आणि मग फोटोसमोर जाऊन तिनं पदरातल्या पदरातच हात जोडले.

“लई चांगली व्हती बाई,” ती म्हणाली. “बरं झालं, लवकर सुटली.”

कामाच्या बाईची अशी माया बघून मुलाच्या आजीचे डोळे पाणावले. “किती जीव होता बघा,” ती सुनेला म्हणाली.

आणि आबा, ज्याला या बाईनं मांडीवर वाढवलं तो आबा, पाहुण्यांकडं वळून अभिमानानं म्हणाला, “एवढी वर्सं झाली, पण अजून माणसं तिची आठवण काढत्यात. ताई, घ्या की एक फोटो.”

मी घेतला. रागानंच घेतला. पाहुणे, सारिका, आबा, मागं हार घातलेली हौसाक्का आणि तिच्यासमोर पाठमोरी हात जोडून उभी असलेली हौसाक्का. घेऊन ठेवते, म्हटलं. कधीतरी कुणाला तरी दाखवायला होईल.

प्रिंट मी स्वतः धुऊन आणले आणि पाकिटात तो फोटो सगळ्यात वर ठेवला. आबांनी बघावा, नीट बघावा, म्हणून.

ते पाकीट घेऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले. बरोबर पेढे होते. लग्नाची तारीख धरली होती. मी पेढा घेतला नाही, तो त्यांनी टेबलावर ठेवला.

“आक्का कशा आहेत?”

“मळ्यातल्या खोलीवर ठिवलीय तिला. लग्न हुस्तवर गावात नको. हवा चांगली हाय तिथं.” मग त्यांनी तोच फोटो माझ्यापुढं सारला. “बाकी सगळं झकास आलंय. हा तेवढा नीट करा. अल्बम कोइमतूरला जायचाय.”

“काय करायचं?”

त्यांनी पाठमोऱ्या बाईवर नख टेकवलं. “ही काढा.”

“कोण आहे ही?” मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. एकदा तरी.

आबांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. खरंच बघितला त्यांनी. त्यांचं बोट पाठमोऱ्या पदरावर होतं आणि ते बराच वेळ तिथून हललं नाही. मला वाटलं, आता तरी.

“मला नाही जमणार, आबा,” मी म्हटलं.

त्यांना वाटलं, मला काम अवघड वाटतंय. त्यांनी फोटो टेबलावर ठेवला आणि अगदी समजुतीच्या सुरात, लहान पोराला सांगावं तसं मला सांगितलं.

“त्यात काय अवघड हाय, ताई? आतली ऱ्हाऊ द्या. भाहेरची काढा.”